साल्हेर–सालोटा : कोजागरीनंतरचा एक दिवस आणि खिंडीत गेलेली चाळीस मिनिटे

रेवाकाठ (बडोदे)

नमस्कार. कोजागरीनंतरच्या रविवारी आम्ही बडोद्याचे अकरा जण साल्हेरला जाऊन आलो. वाघांबे गावातून पहाटे निघायचे, खिंडीत पोहोचून आधी सालोटा पाहायचा, परत खिंडीत येऊन साल्हेर चढायचा आणि दिवस मावळण्यापूर्वी पलीकडच्या अंगाने साल्हेरवाडीत उतरायचे, असा बेत होता. साल्हेर झाला, सालोटा अर्ध्यावरून सोडावा लागला. पुढच्या वर्षी याच दिवसांत आमच्या मंडळातील नव्या मुलामुलींना घेऊन पुन्हा जायचे आहे, आणि या वेळी गट माझ्या भरवशावर गेला होता. म्हणून काय घडले ते सविस्तर लिहीत आहे. जाणकारांनी चुका मोकळेपणाने दाखवाव्यात, ही विनंती.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साल्हेरची उंची १५६७ मीटर आहे. कळसूबाईच्या १६४६ मीटरांनंतर महाराष्ट्रातील हे दुसरे उंच शिखर, आणि किल्ल्यांपुरते बोलायचे तर राज्यात याच्याहून उंच किल्ला नाही. सालोटा हा त्याचा पूर्वेकडील जोडीदार. दोघांच्या मध्ये एक खिंड आहे आणि खिंडीच्या दोन्ही बाजूंनी डोंगराची धार वर चढत जाते. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील हा किल्ला गुजरातच्या सीमेलगत असल्यामुळे आम्हा बडोदेकरांना पुण्याकडच्या किल्ल्यांपेक्षा तो जवळचा आहे. सोनगढ आणि आहव्यावरून आम्ही गेलो. शनिवारी दुपारी एकला निघून रात्री साडेआठला वाघांब्यात पोहोचलो आणि एका घराच्या ओसरीवर मुक्काम केला.

तयारी केली नव्हती असे नाही. आधीच्या चार रविवारी आम्ही सर्व जण पहाटेच पावागड गाठून चांपानेरपासून पायी वरपर्यंत चढलो होतो. मात्र तिथे बांधीव पायऱ्या आहेत, माचीपर्यंत वाहने येतात, तिथून पुढे रोपवे आहे आणि लिंबूसरबताचे दुकान फार वेळ नजरेआड राहत नाही. त्या चार रविवारांनी आमचे गुडघे आणि छाती तयार केली, पण पायाचे तळवे तयार केले नाहीत. हे मला सालोट्याच्या आडव्या वाटेवर कळले.

पहाटे पाचला निघायचे ठरले होते, प्रत्यक्षात निघायला सहा वाजून वीस मिनिटे झाली. गावाबाहेर पडल्यावर कमरेएवढे गवत लागते. खालून ते हिरवे दिसत होते. जवळ गेल्यावर बुंधे हिरवे आणि वरचा भाग पिवळा पडत आलेला. वाट त्या गवतात शिरते आणि दिसेनाशी होते. दोनदा आम्ही ढोरवाटेने भरकटलो. मोज्यांत कुसळे इतकी घुसली की दर दहा मिनिटांनी कोणीतरी खाली बसून ती उपटत होते. मात्र याच दिवसांत सोनकी फुललेली असते. उजव्या उतारावर तिच्या पिवळ्या फुलांचा पट्टा थेट कातळाच्या पायथ्यापर्यंत गेला होता आणि त्यावर कोवळे ऊन पडल्यावर आमच्यातील सर्वांत अबोल गृहस्थही पाच मिनिटे जागेवरून हलले नाहीत. आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही खिंडीत होतो.

सालोट्याकडची वाट धारेला सोडून कड्याखालून आडवी जाते. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला उतार, आणि मध्ये दीड वितीची पाऊलवाट. तीही सलग नाही, कारण पावसाळ्यात वरून आलेल्या मुरमाने ती ठिकठिकाणी पुसून टाकली होती. पावसात तो मुरूम ओला आणि धरून राहणारा असतो. आता वरचा थर सुकून मोकळा झाला होता आणि त्याखालची जमीन खडखडीत होती. म्हणजे दगडी फरशीवर वाटाणे सांडावेत आणि ती फरशी कोणी तिरकी धरावी, तसे. पाय ठेवला की खडे हलतात, आपण आपोआप डोंगराकडे झुकतो, आणि झुकलो की बूट बाहेरच्या बाजूला सरकतो. सरळ उभे राहून पूर्ण तळवा टेकवायला हवा हे मला ठाऊक होते, परंतु ठाऊक असणे आणि अकरा जणांकडून करवून घेणे यात अंतर आहे.

आमच्यातील एक जण, वय बावीस, चौथ्या क्रमांकावर चालत होता. त्याचा पाय सुटला आणि तो दहा-बारा फूट खाली घसरत गेला. गवताचे एक जाड बेट आणि त्याच्या मुळांशी अडकलेला दगड यांनी त्याला थांबवले. त्याने दोन्ही हातांनी ते गवत धरले होते. आम्ही दोर टाकून त्याला वर घेतले तेव्हा त्याचा उजवा तळहात मी धुतला. कातडीखाली मुगाएवढे काळे खडे रुतलेले होते, आणि पाणी ओतले तरी ते निघत नव्हते. चिमट्याने एकेक काढावे लागले. हाड मोडले नव्हते, डोक्याला मार नव्हता. तो शांत होता, पण माझे हात थरथरत होते.

आम्ही परत खिंडीत आलो. मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते यापुढच्या चाळीस मिनिटांबद्दल. सालोटा पुन्हा करायचा का, गट विभागायचा का, साल्हेरकडे वळायचे का, की सरळ खाली उतरायचे, यावर आम्ही खिंडीत बसून बोलत राहिलो. प्रत्येकाचे म्हणणे रास्त होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याचे मन राखून बोलत होता. मी गटाचा प्रमुख असूनही सर्वांचे ऐकून घेण्याच्या नादात निर्णय दिला नाही. त्या दिवसातील शेवटचा गार वेळ त्या बोलण्यात गेला. पावणेदहाला साल्हेरची चढण सुरू केली तेव्हा ऊन माथ्याकडे सरकले होते, आणि ऑक्टोबरचे ऊन कसे असते ते बडोदेकरांना सांगायला नको.

साल्हेरचा वरचा भाग मात्र डोळे निववणारा आहे. कातळात खोदलेल्या पायऱ्या, दरवाजा, मग डाव्या-उजव्या वळणांची चढण, पुन्हा दरवाजा, आणि त्यानंतर कड्याच्या पोटातून जाणारी लांब आडवी वाट, जिच्या एका अंगाला गुहा ओळीने खोदलेल्या आहेत आणि दुसऱ्या अंगाला थेट दरी. ही वाट रुंद आणि पक्की असल्याने भीती वाटत नाही. पठारावर गंगासागर तलाव आहे, जवळच यज्ञवेदीचे अवशेष आणि रेणुकामातेचे मंदिर आहे. सर्वांत वर परशुरामाचे छोटे देऊळ. इथून परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केले, अशी कथा आहे. एक वाजता आम्ही तिथे पोहोचलो. मांगी-तुंगीचे सुळके, मुल्हेर-मोरा-हरगडाचे त्रिकूट आणि पायाशी आपण टाकून आलेला सालोटा, हे सर्व एका नजरेत येते.

पाणी माणशी तीन लिटर घेतले होते. बहुतेकांचे दोनच्या सुमारास संपले. तलावाचे पाणी गाळून, औषध टाकून, अर्धा तास थांबून प्यायलो. उतरताना दोघांच्या पोटऱ्यांत गोळे आले. साल्हेरवाडीकडच्या वाटेवर एकामागून एक दरवाजे लागतात, आणि त्यांच्या पायऱ्या उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला. पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही गाडीजवळ पोहोचलो. सहाच्या सुमारास सूर्य मावळला. म्हणजे आमच्या हातात पन्नास मिनिटेच शिल्लक होती, आणि आणखी चाळीस मी सकाळीच खिंडीत खर्च केली होती.

सालोटा सोडण्याचा निर्णय योग्य होता, असे मला आजही वाटते. तो घ्यायला लागलेला वेळ मात्र योग्य नव्हता. पुढच्या वेळी परत फिरण्याची वेळ पायथ्याशीच ठरवून सर्वांना सांगायची, असे मनात आहे. आपले मत कळवावे.

दांडियाबाजार

रेवाकाठ, सर्व जण सुखरूप परतले हे वाचून बरे वाटले. मी १९८० च्या दशकात साल्हेर दोनदा केला आहे, आता सत्तरी ओलांडली असल्याने वाचनावरच समाधान मानतो.

आपण ज्या आडव्या वाटेचे वर्णन केले आहे, ती तशी का आहे याचा विचार करावा. साल्हेर महाराजांनी १६७१ च्या आरंभी घेतला. मोगलांनी तो परत घेण्यासाठी वेढा घातला आणि फेब्रुवारी १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी इखलासखान आणि बहलोलखान यांच्या फौजेला पायथ्याच्या मोकळ्या मैदानात हरवले. सूर्याजी काकडे त्या लढाईत पडले. मराठ्यांनी उघड्या मैदानात मोगलांच्या मोठ्या फौजेला दिलेला हा पराभव होता, त्यामुळे त्याचे मोल वेगळे आहे. पण किल्ल्याची रचना पाहिली तर कळते की गडावर येणाऱ्याला सरळ वर येऊच द्यायचे नाही, कड्याखालून आडवे चालायला लावायचे, म्हणजे तो पूर्ण वेळ वरच्या माणसाच्या नजरेत आणि दगडाच्या टप्प्यात राहतो, ही कल्पना त्या वाटेच्या मुळाशी आहे. दरवाजे जिथे जागा सर्वांत अरुंद आहे तिथेच बांधलेले दिसतील. तेव्हा ती वाट अवघड वाटली यात आपल्या मुलांचे काही उणे नाही. ती अवघड वाटावी म्हणूनच निवडलेली आहे. साल्हेरवर पायऱ्या आणि वाट खोदून पक्की केली, म्हणून ती आज टिकली. सालोट्याला तेवढे बांधकाम लाभले नाही आणि जे होते तेही ढासळले, म्हणून तिथे आज मुरूम उरला आहे.

बडोदेकरांसाठी आणखी एक. सुरतेहून खानदेशात आणि दख्खनेत जाणाऱ्या वाटा बागलाणातून जात, म्हणून या डोंगरांना महत्त्व होते. आपण ज्या सोनगढवरून गेलात तेच बडोद्यापूर्वी गायकवाडांचे ठाणे होते. पुढच्या वेळी मुलांना तिथे अर्धा तास थांबवून तो किल्ला निदान खालून तरी दाखवा. आणि साल्हेर जुलै २०२५ पासून मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आहे, तेव्हा कातळावर नाव कोरणारा एकही हात आपल्या गटात नसावा.

पाऊलवाट

मी थोडे वेगळे मत मांडतो, राग नसावा. अकरांपैकी पाच-सहा जण तरी सालोटा सहज करू शकले असते, असे आपल्या लिखाणावरून दिसते. त्यांना पुढे पाठवून बाकीच्यांना खिंडीत बसवले असते तर कोणाचाच दिवस वाया गेला नसता. एक जण घसरला म्हणून सर्वांनी परतायचे, ही पद्धत मला अति सावधपणाची वाटते. घसरणे हा डोंगराचा भाग आहे. तीनशे किलोमीटर गाडी चालवून गेल्यावर समोरचा डोंगर सोडणे मनाला लागते, आणि मुलांनाही चुकीची सवय लागते.

रेवाकाठ

पाऊलवाट, राग मुळीच नाही. हाच मुद्दा खिंडीत सर्वांत जास्त वेळ चर्चेला होता. विभागणीला माझा विरोध दोन कारणांनी होता. आमच्याकडे दोर एकच होता, आणि तो वापरता येणारी माणसे दोनच होती, त्यातला एक मी. दोर पुढच्या गटाबरोबर दिला तर खिंडीतील गटाकडे काही नाही, आणि मागे ठेवला तर पुढच्या गटात पुन्हा कोणी घसरले तर त्याला वर घेण्याचे साधन नाही. दुसरे म्हणजे ज्याला लागले होते त्याचा हात बांधला होता आणि साल्हेरच्या पायऱ्यांवर त्याला आधाराची गरज पडणार होती. बळकट पाच जण दोन तासांसाठी दुसरीकडे गेले असते तर तो आधार कोणी दिला असता?

मुलांच्या सवयीबद्दल मात्र मी उलट म्हणेन. त्या दिवशी परतताना गाडीत बावीस वर्षांचा तो मुलगा मला म्हणाला की, "काका, तुम्ही लगेच 'फिरा' म्हणाला असता तर मला इतके अपराधी वाटले नसते; चाळीस मिनिटे सगळे माझ्याविषयीच बोलत होते." हे वाक्य मी विसरू शकत नाही. वेळ आधी ठरलेली असती तर परतीचे कारण घड्याळ ठरले असते, तो ठरला नसता.

कातळवेल

भूगर्भशास्त्र शिकवते, म्हणून मुरमाबद्दल लिहावेसे वाटले. आपण बडोदेकर पावागडावर सराव करतो आणि सह्याद्रीत जातो, आणि दोन्ही दख्खनच्या ज्वालामुखी खडकाचेच डोंगर म्हणून सारखे समजतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या काळातील लाव्ह्याचे हे थर आहेत हे खरे, परंतु पावागडाच्या माथ्यावर रायोलाइट आहे, जो बेसाल्टपेक्षा वेगळ्या घडणीचा खडक आहे. तो गड त्यासाठीच आमच्या विद्यार्थ्यांना दाखवला जातो. तिथली आपली वाट तर बांधीवच आहे, त्यामुळे खडक कोणता याने आपल्या बुटाला फरक पडत नाही.

साल्हेर-सालोट्यासारख्या बेसाल्टच्या डोंगरात लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे रचलेले असतात. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, त्याचा उभा कडा होतो. थराचा वरचा भाग मात्र वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो, आणि दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल मातीचा पट्टा सापडतो. हा भाग लवकर झिजतो आणि कड्याच्या पायथ्याशी आडवी पायरी तयार होते. आपली आडवी वाट जाते ती या पायरीवरून. गुहा आणि पाण्याची टाकी बहुधा याच पातळीवर खोदलेली आढळतात, कारण दगड खोदायला सोपा आणि वरून झिरपणारे पाणी इथे अडते. जुन्या लोकांनी डोंगर नीट वाचलेला होता. पण झिजलेला माल कुठे जाणार? तो त्याच पायरीवर आणि खालच्या उतारावर साचतो. पावसाळ्यात बारीक माती त्या खड्यांना बांधून ठेवते, पाऊस थांबल्यावर तीन-चार आठवड्यांत ती सुकते, आकसते आणि बंध सुटतो. म्हणून जी वाट श्रावणात निसरडी असूनही पाय धरते, तीच आश्विन-कार्तिकात कोरडी असूनही सोडते. "पाऊस गेला, आता वाट चांगली झाली" हा समज या प्रकारच्या उतारावर खरा ठरत नाही.

सरावासाठी एक सुचवते. पायऱ्या सोडून, जिथे जाण्यास मनाई नाही आणि खाली दरी नाही अशा मुरमाड उतारावर आडवे चालायचे. पाठीवर ओझे घेऊन, हात कातळाला न लावता, शंभर पावले जायचे आणि शंभर पावले यायचे. डावा पाय वर आणि उजवा पाय वर, या दोन्हींची सवय वेगवेगळी लागते.

नवखी

मी पुढच्या वर्षी येणाऱ्यांपैकी एक आहे. दोन भाबडे प्रश्न विचारते. नवरात्रात आम्ही नऊही रात्री तीन-तीन तास गरबा खेळतो, त्याने दम तयार होतो का? आणि धावण्याचे बूट चालतील का? नवे घ्यायचे तर आत्तापासून पैसे साठवावे लागतील.

वैद्यकीय

नवखी, गरब्याने दम नक्की वाढतो, त्यात वावगे काही नाही. पण गरबा सपाट जमिनीवर असतो. डोंगर उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, ते काम गरब्यात होत नाही. इमारतीचे जिने उतरण्याचा सराव आठवड्यातून तीनदा करा, चढायला हवे तर लिफ्ट वापरा. बुटांविषयी जाणकार सांगतील.

मला पाण्याविषयी सांगायचे आहे, कारण रेवाकाठ यांनी पोटऱ्यांतील गोळ्यांचा उल्लेख एका वाक्यात संपवला. तीन लिटर साधे पाणी प्यायलेल्या आणि सकाळपासून घामाने निथळलेल्या माणसाला गोळे येतात, तेव्हा त्याला आणखी साधे पाणी पाजणे हा पूर्ण उपाय नव्हे. घामाबरोबर मीठ जाते. केवळ पाणी भरत राहिले तर रक्तातील सोडियम आणखी विरळ होते, आणि ते बेताबाहेर गेले तर डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे वागणे इथपर्यंत वेळ येऊ शकते. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावी. अर्ध्या बाटलीत सगळी पुडी टाकण्याची सवय चुकीची आहे. माणशी दोन पुड्या न्या. खाण्यात थेपले, लोणचे, आपला लीलो चिवडा असे खारट असू द्या, कारण उन्हात गोड खावेसे वाटत नाही आणि माणूस उपाशी चालत राहतो.

गटप्रमुखाने एक खूण लक्षात ठेवावी. उन्हात चालणारा माणूस बोलेनासा झाला, उत्तरे तुटक देऊ लागला, अडखळू लागला, तर त्याला सावलीत बसवून कपडे सैल करा, मान आणि काखा ओल्या करा. घाम येणे थांबण्याची वाट पाहू नका. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि ज्या मुलाच्या तळहातात खडे रुतले होते त्याने धनुर्वाताची लस घेतली का, ते कृपया कळवावे.

रेवाकाठ

डॉक्टर, सोमवारी सकाळीच घेतली. आठवण ठेवल्याबद्दल मनापासून आभार.

बागलाणी

मी सटाण्याकडचा. धागा मला बडोद्याच्या एका नातेवाइकांनी पाठवला. आमच्या डोंगरावर तुमच्या मुलाला लागले याचे वाईट वाटले, म्हणून चार गोष्टी लिहितो.

एक तर वाघांब्यातून वाटाड्या घ्या. वाट सापडावी म्हणून नव्हे, या वर्षी पावसाने कुठला तुकडा नेला आणि पर्यायी पाऊल कुठे पडते हे त्यालाच ठाऊक असते म्हणून. गावात गुरे राखणारा, गवत कापायला जाणारा माणूस त्या उतारावरून रोज फिरत असतो. आपण ज्या ढोरवाटांनी दोनदा चुकलात, त्या त्याच्या रोजच्या आहेत. शिवाय आपल्या येण्याने त्याच्या घरी चार पैसे जातात.

दुसरे, सालोटा करायचाच असेल तर अंधारात निघून फटफटताना खिंडीत पोहोचावे. आमच्याकडचे लोक दोन्ही एका दिवसात करतात तेव्हा पहाटे चारला निघतात. नऊच्या आत सालोटा उरकून परत खिंडीत आला नाहीत तर तो विषय तिथेच बंद. ही वेळ आम्ही उन्हावरून ठरवलेली आहे. रेवाकाठ यांनी परत फिरण्याची वेळ आधी सांगायचे ठरवले आहे ते मला पटते, फक्त ती एक वेळ नसावी, दोन असाव्यात. एक सालोट्यासाठी आणि एक साल्हेरच्या माथ्यासाठी. माथा दुपारी दोनपर्यंत सोडला नाही तर शेवटचे दरवाजे अंधारात उतरावे लागतात.

तिसरे, मधमाश्या. कड्याला आग्या मोहोळ असते. अत्तर लावून येऊ नका, कड्याखाली चूल पेटवू नका, आणि आडव्या वाटेवर ओरडून प्रतिध्वनी ऐकण्याची हौस करू नका. त्या उठल्या तर त्या दीड वितीच्या वाटेवर पळायला जागा नाही.

पाऊलवाट यांना नम्रपणे सांगतो. घसरणे हा डोंगराचा भाग आहे हे खरे. पण जिथे तो मुलगा थांबला ते गवताचे बेट होते. महिना-दोन महिन्यांनी तेच गवत कापलेले किंवा वणव्यात जळालेले असते.

पाऊलवाट

बागलाणी, हे माझ्या लक्षात आले नव्हते. गवताचे वाचल्यावर माझे म्हणणे मागे घेतो. मात्र एक विचारायचे आहे. दुसरा दोर आणि तो वापरायला शिकलेली आणखी दोन माणसे असतील तर विभागणी करावी का?

बागलाणी

असतील, आणि दोन्ही गटांबरोबर गावचा एकेक माणूस असेल, तर हरकत नाही. पण ते आदल्या रात्री ओसरीवर ठरवा.

कातळवेल

नवखी यांच्या बुटांचे उत्तर राहिले. धावण्याच्या बुटांचा तळ मऊ असतो आणि त्याची नक्षी उथळ असते, मुरमावर ते तरंगतात. तळाला खोल खाचा आणि टाचेला घट्ट पकड असलेले साधे बूटही चालतात, महागच हवेत असे नाही. अर्धा क्रमांक मोठे घ्या, उतरताना अंगठा पुढे आपटतो. आणि घेतल्यावर निदान महिनाभर कमाटीबागेत रोज घालून फिरा, नवे बूट घेऊन थेट साल्हेरला येऊ नका.

रेवाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वरील चर्चेनंतर पुढच्या वर्षीचा बेत असा बदलत आहे. गट आठ जणांचा. दोन दोर, आणि ते वापरण्याचे शिक्षण उन्हाळ्यातच चौघांना. मुक्काम शनिवारी दुपारीच वाघांब्यात, म्हणजे रात्री नऊच्या आत सर्व जण झोपलेले असतील. त्यासाठी बडोद्याहून शनिवारी पहाटे पाचला निघायचे आणि सोनगढला थांबायचे. वाटाडे दोन. चालायला सुरुवात पहाटे चारला. सालोट्यावरून परत खिंडीत नऊ, साल्हेरचा माथा सोडायला दोन. या दोन्ही वेळा ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि प्रत्येकाने होकार द्यायचा. वेळ झाली की चर्चा नाही, जिथे असू तिथून फिरायचे. मी ढिला पडलो तर मला आठवण करून देण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे असेल.

ते काम मी त्या बावीस वर्षांच्या मुलाला विचारले. त्याने दोन दिवस घेतले आणि काल संध्याकाळी सुरसागरच्या कठड्यावर बसून होकार दिला. तळहाताची जखम भरली आहे. अंगठ्याच्या बुडाशी एक काळा ठिपका अजून कातडीखाली दिसतो.

नवखी, पहिला सराव येत्या रविवारी आहे. पहाटे साडेपाचला चांपानेरला भेटू.